जुन्या फुलांच्या अर्काचं अत्तर: काय मुरतं, काय नासतं

जाईचं ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलांपासून काढलेला घट्ट अर्क, बाटलीत पडून राहिलं की आधी त्याचा रंग बदलतो. ताजेपणी पिवळट-नारिंगी असलेलं द्रव्य काही वर्षांत लालसर तपकिरी होतं. मग गंधाची वरची झाक उडते. उमलत्या फुलाचा फळासारखा, किंचित हिरवा तजेला जातो आणि मागे मध, वाळलेला चहा, थोडं चामडं अशा छटांचा जड गंध राहतो. केवळ वनस्पतिजन्य द्रव्यांपासून अत्तरं बनवणारे कारागीर अशा जुन्या अर्कांसाठी भरपूर पैसे मोजतात. मात्र जुना अर्क सरसकट चांगला नसतो. कोणता अर्क मुरेल आणि कोणता नासेल हे त्यातल्या रेणूंवर ठरतं. मुरलेल्या अर्काचाही वरचा गंध गेलेला असतो, आणि तो दुसऱ्या कशाने तरी भरून काढल्याशिवाय त्याचं चांगलं अत्तर होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळपास सगळीच अत्तरं नैसर्गिक होती. विल्यम पर्किनने 1868 मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत तयार केलं, 1882 च्या ‘फुजेर रॉयाल’ या फ्रेंच अत्तरात ते वापरलं गेलं आणि तिथून कृत्रिम सुगंधरेणूंचा काळ सुरू झाला. फुलांचे अर्क त्यानंतरही वापरात राहिले, कारण जाईच्या अर्कात शेकडो घटक असतात आणि त्यांची सगळी गुंफण दोन-चार रेणूंनी उभी करता येत नाही. आता अडचण किमतीची आहे. हजार किलो जाईच्या फुलांतून साधारण तीन किलो मेणासारखं ‘काँक्रीट’ मिळतं आणि ते अल्कोहोलने धुऊन मेण काढलं की दीड किलोच्या आसपास ॲब्सोल्यूट हाती लागतं. गुलाबाचं तेल तर साडेतीन-चार हजार किलो पाकळ्यांमागे एक किलो.

जुना अर्क हाती आला की तो कोणत्या पद्धतीने काढला होता हे आधी शोधावं, कारण त्याचे दोष त्या पद्धतीतूनच येतात.

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या परिसरात जाई आणि निशिगंधासाठी आँफ्लराज ही पद्धत चालायची. लाकडी चौकटीतल्या काचेवर दोन्ही बाजूंनी चरबीचा थर द्यायचा. दोन भाग डुकराची आणि एक भाग गाईबैलाची शुद्ध केलेली चरबी, आणि ती खवट होऊ नये म्हणून त्यात थोडा ऊद, म्हणजे बेंझॉइन राळ. त्यावर पहाटे खुडलेली फुलं एकेक करून ठेवायची, जाईची फुलं चोवीस तासांनी काढायची आणि ताजी मांडायची. निशिगंधाला जास्त वेळ देत. हंगाम संपेपर्यंत एक किलो चरबी अडीच-तीन किलो फुलांचा गंध शोषून घेई. छत्तीस वेळा फुलं बदललेल्या पोमेडला, म्हणजे गंध शोषलेल्या चरबीला, ‘छत्तीस नंबर’ म्हणत आणि ते सर्वांत उंची मानलं जाई. एवढा खटाटोप करायचं कारण असं की जाई आणि निशिगंध खुडल्यानंतरही तासन्‌तास गंध बनवत राहतात. गुलाब तसं करत नाही. विद्रावकात, म्हणजे गंध विरघळवून घेणाऱ्या द्रवात, टाकलं की फूल तिथेच मरतं आणि त्या क्षणी असलेला गंधच मिळतो. चरबीवर ते जिवंत राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बर्ट हेस्से या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आँफ्लराजने जाईतून विद्रावकाच्या कित्येक पट गंधद्रव्य निघतं.

ही पद्धत मजुरीच्या खर्चापायी दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास बंद पडली. म्हणून जुन्या पोमेडच्या अर्काला मोल आहे. पण अल्कोहोलने धुताना थोडी चरबी बरोबर येतेच आणि दशकांनंतर तिचा खवट वास गंधाच्या तळाशी जाणवतो. विद्रावकाने काढलेल्या जुन्या अर्कांची भीती निराळी. आज बहुतेक ठिकाणी हेक्झेन वापरतात, पूर्वी बेंझिनही वापरत. बेंझिन कर्करोगकारक असल्याने कुठल्या काळातला, कसा काढलेला याचा पत्ता नसलेला अर्क त्वचेवर लावू नये. तो हुंगण्याच्या पट्टीपुरताच ठेवावा.

उत्तर प्रदेशातल्या कनौजची पद्धत या दोन्हींहून वेगळी. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून झाकण माती-कापसाने लिंपतात. बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, येते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलांचा गंध थेट त्या तेलात उतरतो. दुसऱ्या दिवशी खालचं पाणी काढून पुन्हा देगेत घालतात आणि त्याच चंदनावर रोज ताज्या फुलांची वाफ सोडत राहतात. जुन्या कनौजी अत्तराचं बरंचसं मोल या चंदनात आहे. सँटॅलॉल हे जड, संथ उडणारे अल्कोहोल सहजासहजी बिघडत नाहीत आणि फुलांचे हलके रेणूही धरून ठेवतात. चंदन महागल्यावर त्याच्या जागी द्रव पॅराफिन किंवा डीओपी हे प्लास्टिक उद्योगातलं तेल वापरलं जाऊ लागलं. पॅराफिन पकडणं सोपं आहे. अल्कोहोलात ते विरघळत नाही, मिश्रण गढूळ होतं. डीओपी मात्र विरघळतं, त्यामुळे त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणीच, करावी लागते. चांगल्या पैशांचं जुनं अत्तर घेताना हा अहवाल जरूर मागावा.

आता रेणूंकडे. जाईच्या अर्कात सर्वांत ठळक घटक बेंझिल ॲसिटेट, तोच फळासारखा गोडवा देतो. बाटलीत ओल असेल तर तो हळूहळू फुटून बेंझिल अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल होतं, म्हणून खराब झालेल्या जाईला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. लिनॅलूल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइड बनवतं, आणि ते त्वचेला ॲलर्जी देणारं आहे. इंडोल अर्कात दोन-तीन टक्केच असतं. एकटं हुंगलं तर डांबराच्या गोळ्या आठवतात, पण विरळ झालं की जाईला जिवंतपणा तेच देतं. प्रकाश आणि हवेने ते लाल-तपकिरी पडतं. मेथिल अँथ्रानिलेट हा नायट्रोजनवाला रेणू अर्कातल्या आल्डिहाइड वर्गातल्या रेणूंशी जोडला जाऊन शिफ बेस नावाची पिवळी-नारिंगी संयुगं तयार करतो. म्हणजे काळवंडलेला रंग हा नासल्याचा पुरावा नव्हे, निर्णय नाकाने घ्यावा. बेंझिल बेंझोएट आणि फायटॉलसारखे जड घटक मात्र वर्षानुवर्षं तसेच राहतात. वरचे उडाले, अंग शाबूत राहिलं, अशी जुन्या जाईची स्थिती असते.

गुलाबाचं तेल अधिक सोशिक आहे. सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल हे त्यातले प्रमुख घटक, आणि अत्यल्प असूनही गंधावर राज्य करणारं बीटा-डॅमासेनोन. वाफेने काढलेल्या तेलात फेनिलएथिल अल्कोहोल फार कमी येतं, कारण ते पाण्यात विरघळून गुलाबजलात जातं. ॲब्सोल्यूटमध्ये मात्र निम्म्याहून अधिक तेच असतं, म्हणून त्याचा गंध मधाळ. लिंबूवर्गीय तेलं याच्या उलट टोकाला. त्यांतलं लिमोनिन लवकर ऑक्सिडाइज होतं आणि वास टर्पेंटाइनसारखा, रंगाच्या डब्यासारखा येऊ लागतो. जुनं बर्गमॉट टाकूनच द्यावं, त्याला जुनेपणाचा काही मान नाही. वाळा, पाच म्हणजे पॅचुली, चंदन आणि लताकस्तुरी मात्र वयाने गोल होतात. लताकस्तुरीच्या बियांच्या तेलात ॲम्ब्रेटोलाइड हा कस्तुरीच्या गंधाचा मोठ्या वलयाचा रेणू असतो आणि नैसर्गिक अत्तरात प्राणिज कस्तुरीची जागा तोच भरून काढतो.

बाटली फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडू नये. गार काचेवर दव धरतं आणि ते पाणी अर्कात जातं. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावं. गुलाबाचं तेल वीस अंशांच्या आसपास गोठू लागतं, कारण त्यात गंधहीन मेण असतं. अर्धवट गोठलेल्या बाटलीतून वरचा पातळ भाग घेतला तर उरलेल्या तेलाचं प्रमाणच बदलतं. बाटली कोमट पाण्यात धरून सगळं पातळ होऊ द्यावं, हलकेच फिरवावी, मगच तेल काढावं. ॲब्सोल्यूट काकवीसारखं घट्ट झालं असेल तर तीच युक्ती. तपासताना अर्क इथेनॉलात दहा टक्क्यांपर्यंत विरळ करून कागदी पट्टीवर घ्यावा आणि लगेच, तासाभराने, दुसऱ्या दिवशी असा तीनदा हुंगावा. सुरुवातीचा आंबूसपणा दहा मिनिटांत गेला तर अर्क वाचला. खवटपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर तो अत्तरातही राहणार.

आता दहा ग्रॅम अत्तराचं प्रमाण. यात सुगंधद्रव्य दीड ग्रॅम, म्हणजे पंधरा टक्के, बाकी 95-96 टक्क्यांचं इथेनॉल. चंदन 0.60 ग्रॅम, बर्गमॉट 0.35, उदाचं रेझिनॉइड (राळेचा अर्क) 0.12, लॅबडॅनम (एका झुडपाची राळ) 0.10, मोगऱ्याचं ताजं ॲब्सोल्यूट 0.10, वाळा 0.08, जाईचं जुनं ॲब्सोल्यूट 0.06, गुलाबाचं तेल 0.05 आणि लताकस्तुरी 0.04. जुनी जाई एवढी कमी पाहून आश्चर्य वाटेल, पण ती जड असते आणि प्रमाण वाढलं की बाकी सगळं दडपून टाकते. तिचा हरवलेला तजेला मोगरा आणि बर्गमॉट भरून काढतात आणि तिला बूड चंदन-उदाचं मिळतं. शिवाय ‘इफ्रा’ या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जाईच्या ॲब्सोल्यूटवर, तसंच गुलाबातल्या मेथिल युजेनॉलवर ॲलर्जी आणि आरोग्याच्या कारणांनी मर्यादा घातल्या आहेत. बर्गमॉट बर्गाप्टेनमुक्तच हवं. साध्या, साल पिळून काढलेल्या बर्गमॉटमुळे उन्हात त्वचा भाजते, त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात त्याची मर्यादा 0.4 टक्के आहे आणि इथे आपण साडेतीन टक्के घेतो आहोत.

थेंब मोजू नयेत. घट्ट अर्काचा थेंब मोठा, पातळ तेलाचा लहान, त्यामुळे दोन वेळा तेच अत्तर जमत नाही. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा वापरावा. त्यावरही 0.05 ग्रॅम मोजताना चूक मोठी पडते, म्हणून जाई, गुलाब आणि लताकस्तुरी आधी दहा टक्के विरळ करून अनुक्रमे 0.60, 0.50 आणि 0.40 ग्रॅम घ्यावेत. यातून 1.35 ग्रॅम इथेनॉल आधीच येतं, म्हणून वेगळं इथेनॉल 8.50 ऐवजी 7.15 ग्रॅम घालावं. क्रम तळापासून वर: उद, लॅबडॅनम, वाळा, चंदन, मग फुलं, शेवटी बर्गमॉट. घट्ट राळ आधी थोड्या इथेनॉलात पूर्ण विरघळवून घ्यावी, नाहीतर बाटलीच्या बुडाला चिकटून बसते. इथेनॉल खरेदीला अबकारी नियम लागू असतात. ते मिळत नसेल तर तेवढ्याच वजनाचं जोजोबा तेल चालतं, पण त्यात राळ नीट विरघळत नाही. अशा वेळी उद आणि लॅबडॅनम वगळून ते वजन चंदनात घालावं.

मिश्रण अंधारात किमान चार आठवडे ठेवावं, तीन महिने उत्तम. या काळात आल्डिहाइडांचा इथेनॉलशी संयोग होऊन तिखट कडा बोथट होतात. नंतर दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून तळाशी बसलेलं मेण गार असतानाच कॉफीच्या कागदातून गाळावं. खोलीत आणून गाळलं तर मेण पुन्हा विरघळून कागदातून पार जातं आणि पुढच्या थंडीत बाटली परत गढूळ होते. पाणी घालून अत्तर सौम्य करण्याचा मोह टाळावा, तेलांतले टर्पीन नावाचे रेणू लगेच वेगळे होऊन दुधाळ ढग धरतो.

फुलांचा अर्क घरी काढून बघायचा असेल तर आपल्याकडे मोगऱ्यावर आँफ्लराज करता येतं. खोबरेल तेल मात्र इथे कामाचं नाही, ते चोवीस अंशांच्या आसपासच वितळतं आणि मोगऱ्याचा हंगाम नेमका उन्हाळ्यात. वितळबिंदू अधिक असलेलं, गंध काढून टाकलेलं शिया किंवा कोको बटर बिनवासाच्या तेलात मिसळून काचेच्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर थर द्यावा. संध्याकाळी, रात्री उमलणाऱ्या मिटलेल्या कळ्या देठ काढून पूर्ण कोरड्या मांडाव्यात. ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी येते. फुलं तपकिरी पडण्याआधी काढावीत, कारण सडलेल्या फुलाचा वास चरबी तितक्याच तत्परतेने शोषते. वीस-तीस वेळा फुलं बदलल्यावर चरबी तेवढ्याच वजनाच्या इथेनॉलात तीनदा धुवावी, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी आणि गारच गाळावी.

उरलेल्या जुन्या अर्काचा खरा शत्रू बाटलीतली रिकामी जागा आहे. अर्क अर्ध्यावर आला की लहान बाटलीत भरावा, ती नसेल तर स्वच्छ कोरडे काचेचे मणी टाकून पातळी गळ्यापर्यंत आणावी. रबरी ड्रॉपरचं झाकण ठेवू नये, रबर अर्काने फुगतं आणि त्याचा वास आत उतरतो. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या ऑस्मोथेक या 1990 मध्ये सुरू झालेल्या सुगंध-संग्रहालयात जुनी अत्तरं अंधारात, 12 अंशांवर, आरगॉन वायूखाली ठेवतात. आरगॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे द्रवावर थर धरून बसतो आणि ऑक्सिजनला खाली येऊ देत नाही. वाइन टिकवण्यासाठी मिळणारे आरगॉनचे फवारेही याच कामी येतात. झाकण लावण्याआधी अलगद एक फवारा मारावा. जोरात मारला तर बाटलीत हवा घुसळली जाते आणि थर बसत नाही.