स्मार्टफोनवरील उपग्रह आपत्कालीन सेवा
मोबाइलची रेंज आणि वायफाय दोन्ही नसलेल्या ठिकाणाहून, हातातल्या फोनवरून उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय. ॲपलने ती आयफोन १४ मालिकेसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडात सुरू केली. गूगलने २०२४ मध्ये पिक्सेल ९ मध्ये आणली. हिच्यामुळे जीव वाचले आहेत. मात्र तिच्या भरवशावर तयारीविना दुर्गम भागात जाणे धोक्याचे आहे.

आयफोनचा संदेश ग्लोबलस्टार या कंपनीच्या उपग्रहांकडे जातो. सुमारे १,४०० किमी उंचीवरचे हे उपग्रह सतत सरकत असतात, म्हणून फोन कुठल्या दिशेला धरायचा ते पडद्यावर दिसते आणि त्याप्रमाणे वळत राहावे लागते. पाठवता येणारा मजकूर थोडाच असल्याने फोन आधी ठरावीक प्रश्न विचारतो: काय झाले, कोणाला मदत हवी, जखमी माणूस शुद्धीवर आहे का. या उत्तरांसोबत ठिकाण, उंची आणि उरलेली बॅटरीही कळवली जाते. मोकळ्या आकाशाखाली संदेश जायला साधारण १५ सेकंद लागतात, झाडीखाली मिनिटाहून जास्त. दाट जंगलात किंवा उंच कड्यांच्या मधोमध तो जाईलच असे नाही, आणि पाय घसरलेला माणूस बहुधा अशाच घळीत अडकतो.

संदेश पोहोचला तरी मदत यायला कित्येक तास लागू शकतात. हवामान बिघडले तर हेलिकॉप्टर उडत नाही. तोवर गरम कपडे, पाणी आणि प्रथमोपचाराचे सामान यांवरच निभावावे लागते. शिवाय हाच फोन दिवसभर नकाशा आणि कॅमेरा म्हणून वापरलेला असतो, थंडीत त्याची बॅटरी झपाट्याने उतरते आणि दगडावर आपटला तर सगळेच संपते.

त्यामुळे लांबच्या, एकट्याच्या भटकंतीत वेगळा बीकन, म्हणजे संकटाचा संकेत पाठवणारे छोटे यंत्र, जवळ असावा. कॉस्पास-सारसॅट या उपग्रहांवर आधारित आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचा ४०६ मेगाहर्ट्‌झवर चालणारा बीकन एकदा सुरू केला की मोकळ्यावर ठेवून देता येतो आणि तो किमान २४ तास संकेत पाठवत राहतो. दोन्हीकडून लिहून बोलण्याची सोय मात्र फोनवर आहे, आणि जखम कशी आहे हे बचाव पथकाला आधी कळण्याचे मोल मोठे आहे.

ही सेवा ठरावीक देशांतच चालते. ६२ अंश अक्षांशापलीकडे आयफोनवर ती मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी फोनमध्ये दिलेला या सेवेचा सराव करून पाहावा, वैद्यकीय माहिती भरावी आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.