स्लेमिश

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातील एकांडा डोंगर. उंची ४३७ मी. बॅलिमेना शहराच्या पूर्वेस, ब्रेड नदीच्या खोऱ्याच्या दक्षिणेला तो आहे. आयरिश नाव ‘श्लीव मिश’, म्हणजे मिश नावाच्या स्त्रीचा डोंगर. लगतच्या कुरणांतून तो एकदम वर उठतो, त्यामुळे खोऱ्यात कुठूनही नजर त्याच्यावरच जाते.

सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर पसरले. त्यांतून वर येणारा शिलारस एका नळीत थिजला आणि त्याचा डोलेराइट हा कठीण काळा दगड झाला. भोवतीचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, झिजून गेला, हा कठीण गाभा तेवढा उरला. सह्याद्रीचा कातळ याच जातीच्या लाव्हाचा, वयाने थोडा जुना. त्यामुळे तिथे फिरलेल्याला पायाखालचा काळा दगड अनोळखी वाटणार नाही.

चढाई. पायथ्याशी वाहनतळ व स्वच्छतागृह आहे. तिथून माथा जेमतेम १८० मी. वर, जाऊन-येऊन तासाभराचे काम. सुरुवातीला गवताळ उतार, मग दगडांची उभी चढण. येथे अनेकांच्या पावलांनी वेगवेगळ्या वाटा पडल्या आहेत. त्यांपैकी ठळक वाट धरावी, कारण माती उघडी पडलेल्या फाट्यांवर पाय घसरतो आणि धूपही वाढते. माथा लांबट असून मधल्या सखल भागात पाणी साचते. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस बॅन नदीचे खोरे आणि स्पेरिन डोंगर, नैर्ऋत्येस लॉक नेय सरोवर आणि समुद्रापलीकडे स्कॉटलंडचा किनारा दिसतो.

चढण लहान म्हणून लोक साध्या बुटांत येतात, आणि ते महागात पडते ते उतरताना. पावसानंतर डोलेराइट फार निसरडा होतो. उतरताना तोंड डोंगराकडे करून हातांचा आधार घ्यावा लागेल अशा एकदोन जागा आहेत. धुके आले तर माथ्यावरून उतरण्याची नेमकी जागा सापडत नाही, आणि बाजूच्या कडा उभ्या आहेत. म्हणून वर पोहोचताच मागे वळून ती जागा लक्षात ठेवावी. घोट्यापर्यंतचे बूट व वारारोधक जाकीट जूनमध्येही हवेच. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो.

उत्तर आयर्लंडमध्ये मोकळ्या रानात हवे तिथे फिरण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. भोवतालची कुरणे शेतकऱ्यांची आहेत. रुळलेली वाट सोडू नये, फाटक जसे असेल तसेच ठेवावे, कुत्रा दोरीने बांधूनच न्यावा. विशेषतः वसंतात, मेंढ्या विण्याच्या काळात.

आख्यायिका. परंपरा सांगते की, सोळाव्या वर्षी चाच्यांनी पळवून आणलेला पॅट्रिक येथे मिल्यू नावाच्या मालकाकडे सहा वर्षे गुरे राखत होता. पुढे तो आयर्लंडचा संत झाला. सातव्या शतकाच्या अखेरीस मुइर्खू या आयरिश मठवासीने लिहिलेल्या पॅट्रिकच्या चरित्रात या डोंगराचे नाव येते. पॅट्रिक धर्मोपदेशक होऊन परतत असल्याचे कळताच, एकेकाळच्या दासापुढे झुकावे लागू नये म्हणून मिल्यूने चीजवस्तूंसह स्वतःला घरात जाळून घेतले. पॅट्रिक स्लेमिशच्या दक्षिण अंगाला थबकून तो जाळ पाहत राहिला, असे तिथे वर्णन आहे. खोऱ्यापलीकडच्या स्केरी टेकडीवर देवदूताचे पाऊल उमटल्याची कथाही याच परंपरेतली.

स्वतः पॅट्रिकच्या आत्मकथनात मात्र स्लेमिश नाही. हिमात, पावसात, दिवसाला शंभरेक प्रार्थना म्हणत रानात व डोंगरावर राहिल्याचे तो सांगतो, पण नाव घेतो ते ‘पश्चिम समुद्राजवळच्या फोक्लुट’ अरण्याचे. पळून जाताना जहाज दोनशे मैलांवर होते, असेही तो म्हणतो. स्लेमिशपासून पूर्व किनारा तर २० किमी.च्या आत आहे. त्यामुळे अनेक अभ्यासक त्याचे दास्य पश्चिमेकडील मेयो परगण्यात मानतात, आणि हा आक्षेप वजनदार आहे.

लोकश्रद्धेला त्याने बाधा आलेली नाही. दर १७ मार्चला, पॅट्रिकच्या स्मृतिदिनी, शेकडो लोक चढतात. त्या दिवशी वाहनतळ लवकर भरतो आणि पायथ्याचा अरुंद रस्ता तुंबतो. गर्दीच्या पायांनी वाटेचा चिखलही होतो. पहाटे निघणाऱ्याला वाट मोकळी मिळते.