मोन्ते कासिनो: बॉम्बफेकीची पार्श्वभूमी

संत बेनेडिक्टने ५२९च्या सुमारास अपोलोच्या जुन्या देवळाच्या जागी इटलीतला मोन्ते कासिनोचा हा डोंगरावरचा ख्रिस्ती मठ उभारला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यानंतर लोम्बार्ड टोळ्यांनी तो उद्ध्वस्त केला, ८८३ मध्ये अरबांनी जाळला, १३४९च्या भूकंपाने पाडला. भरभराटीचा काळ अकराव्या शतकातला. १०७१ मध्ये नव्या बॅसिलिकेचं (मोठ्या चर्चचं) उद्घाटन करायला खुद्द पोप आले होते. त्याआधीचा ९६० सालचा जमिनीचा एक दावा मात्र सांगायलाच हवा. अमुक हद्दीतल्या जमिनीवर मठाची तीस वर्षांची वहिवाट आहे, एवढंच साक्षीदार सांगतात. पण निवाड्यातलं ते वाक्य लॅटिनमध्ये नाही, तिथल्या बोलीत लिहिलं आहे. इटालियन भाषेचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. १८६६ नंतर मठ सरकारजमा झाला आणि राष्ट्रीय स्मारक म्हणून भिक्षूंच्याच देखरेखीखाली राहिला.

आज मठाचं नाव निघतं ते १५ फेब्रुवारी १९४४मुळे. दुसऱ्या महायुद्धात त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून तो मोडला. रोमकडे जाणारा रस्ता या डोंगराच्या पायथ्याशी होता आणि जर्मनांची बचावफळी उतारांवर होती. मठाभोवती त्यांनी सैन्यबंदीचं एक वर्तुळ आखलं होतं. तिथला जर्मन सेनापती स्वतः बेनेडिक्टाइन पंथाचा गृहस्थ अनुयायी होता, हा योगायोगही विलक्षणच. ग्रंथालय आणि दप्तर आदल्या वर्षीच जर्मन ट्रकमधून हलवलं होतं, म्हणून ते वाचलं.

बॉम्बफेकीची मागणी झाली ती दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या चौथ्या भारतीय डिव्हिजनकडून. मठ नेमका कसा बांधलाय, हे वरिष्ठांकडून कळेना, तेव्हा तिच्या आजारी सेनापतीने नेपल्समधून १८७९चं एक पुस्तक मिळवलं. भिंती दीडशे फूट उंच, पायाशी निदान दहा फूट जाड! त्याचं म्हणणं सरळ होतं: तो डोंगर घ्यायचाच असेल तर मठ आधी अवजड बॉम्बनी मोडा, शत्रू आज आत आहे की उद्या शिरणार, हा प्रश्न गौण. नाहीतर डोंगराला वळसा घाला. या माणसावर पुढे बरंच खापर फुटलं, पण ते अन्यायाचं वाटतं. त्याच्या मागणीतला अर्धा भागच उचलला गेला.

हवामान आणि आंझिओच्या आघाडीची (रोमच्या दक्षिणेला किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याची) गरज पाहून विमानदळाने आपल्या सोयीची वेळ साधली. २२९ बॉम्बर येऊन गेले, तेव्हा पायदळाची तयारीच नव्हती. त्या रात्री एकच कंपनी पुढे गेली. राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींचा मोठा हल्ला झाला तो १७ तारखेच्या रात्री. तोवर जर्मन छत्रीधारी सैनिक ढिगाऱ्यात ठाण मांडून बसले होते, आणि आडोशाला उभ्या इमारतीपेक्षा ढिगारा बरा. मारले गेले ते आसऱ्याला आलेले गावकरी, शेकड्यांनी. ऐंशीच्या घरातले मठाधिपती हातात क्रूस धरून वाचलेल्यांना घेऊन डोंगर उतरले.

मे महिन्यात फळी फुटली आणि १८ तारखेला पोलिश सैनिक अवशेषांत शिरले. खाली नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती. माणगाव तालुक्यातल्या नाईक (हुद्दा) यशवंत घाडगे यांचा मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस कधीकधी कासिनोशी जोडला जातो; तो मात्र जुलैतल्या टायबर खोऱ्यातल्या लढाईचा.

मठ जुन्या नकाशाबरहुकूम पुन्हा बांधला गेला. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याचा अभिषेक झाला, आणि त्याच वेळी पोपनी बेनेडिक्टला युरोपचा संरक्षक संत घोषित केलं. बॉम्बफेकीच्या वेळी मठात जर्मन सैन्य होतं, हा दावा अमेरिका बरीच वर्षं करत राहिली. अमेरिकी लष्कराच्या १९६९च्या अधिकृत इतिहासात अखेर छापलं गेलं की मठात जर्मन सैन्य नव्हतं.