हेडसेट-माइकची ओळख (मुक्तस्रोत ध्वनी ड्रायव्हरांतील)

लॅपटॉपच्या ३.५ मिमी. एकत्रित जॅकला (हेडफोन व माइक दोन्हींसाठीच्या एकाच खाचेला) जोडलेल्या हेडसेटचा माइक संगणकाला दिसावा म्हणून ध्वनी ड्रायव्हरमध्ये (ध्वनीचे यंत्रभाग चालवणाऱ्या आज्ञावलीत) करावी लागणारी दुरुस्ती. लिनक्समध्ये ती प्रामुख्याने ‘आल्सा’ या ध्वनिप्रणालीत होते. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेली ही प्रणाली २००२ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.५ या विकासमालिकेत आली.

इंटेलच्या हाय डेफिनिशन ऑडिओ मानकानुसार (२००४) कोडेक चिपच्या (ध्वनीचे अंकीय रूप विद्युत संकेतांत व उलट बदलणाऱ्या चिपच्या) प्रत्येक पिनचे वर्णन ३२ बिटांच्या नोंदीत असते. जोडणी, जागा, उपकरणाचा प्रकार आणि जॅकचा रंग तीत येतात. जॅकमध्ये प्लग घातल्याची चाहूल या पिनवर लागत नाही, हे सांगणारा एक बिटही तीत असतो. नोंद बायॉस (यंत्र सुरू करणारी अंगभूत आज्ञावली) भरतो, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. प्लग घातल्याचे कळवणारा एकत्रित जॅकचा स्विच सहसा हेडफोनच्या पिनला जोडलेला असतो. माइकच्या पिनला स्वतःचा स्विच नसतो, आणि कित्येक लॅपटॉपांत तिची नोंद ‘जोडणी नाही’ अशीच राहते. मग हेडफोन वाजतो, पण माइक यादीत दिसत नाही.

चार वाहकांच्या प्लगच्या दोन रचना प्रचलित आहेत. दोन्हींत टोक डाव्या आणि पहिले कडे उजव्या आवाजाचे. सीटीआयए रचनेत दुसरे कडे ग्राउंडचे व शेवटचा भाग माइकचा. ओएमटीपी रचनेत याच्या उलट. ओएमटीपी जुन्या मोबाइल संचांत अधिक आढळते, पुढे सीटीआयएचा प्रसार झाला. रिअलटेक या चिप-उत्पादकाच्या अनेक कोडेकांत ड्रायव्हर ठरावीक रजिस्टरांत (चिपमधील छोट्या स्मृतिकप्प्यांत) मूल्ये लिहितो, काहीशे मिलिसेकंद थांबतो आणि परत वाचून रचना ठरवतो. ही मूल्ये चिपगणिक वेगळी असल्याने कोडमध्ये प्रत्येक कोडेक-गटासाठी स्वतंत्र शाखा दिसते.

चूक बायॉसची असल्याने ती तिथेच सुधारावी, असे एक मत आहे. तत्त्वतः ते बरोबर असले, तरी जुन्या यंत्रांना नवा बायॉस क्वचितच मिळतो. त्यामुळे ड्रायव्हरमधील ‘क्वर्क’ तक्त्याचा (विशिष्ट यंत्रांसाठीच्या अपवादांच्या यादीचा) मार्ग अधिक व्यवहार्य ठरला. यंत्राचा उपप्रणाली-क्रमांक (उत्पादकाने दिलेला ओळखक्रमांक) तक्त्याशी जुळला की माइकच्या पिनची नोंद बदलली जाते. केवळ पिनांच्या नोंदींवरून यंत्र ओळखणारा तक्ताही आहे. त्याने तक्त्यात कमी ओळी लागतात, पण सारख्याच पिनांच्या भलत्या यंत्राला दुरुस्ती लागू होण्याचा धोका राहतो.

तक्त्यात नसलेल्या यंत्रासाठी ड्रायव्हरच्या मॉड्यूलला ‘मॉडेल’ हा पर्याय देता येतो किंवा ‘एचडीएजॅकरीटास्क’ या साधनाने पिनची भूमिका बदलून पाहता येते. माइक आहे की नाही हे चिपला कळतच नसेल, तर काही डेस्कटॉप प्लग घालताच वापरकर्त्यालाच विचारतात: हेडफोन, हेडसेट की माइक?