माध्यमशिक्षणाविषयी विद्यार्थ्यांची मते

बातमी, जाहिरात, चित्रपट किंवा समाजमाध्यमांवरील मजकूर कोण, कसा व कोणासाठी घडवतो आणि तो कसा पारखावा, याचे शालेय शिक्षण म्हणजे माध्यमशिक्षण. ही नोंद मुंबईतील मराठी माध्यमाच्या माध्यमिक वर्गांपुरती आहे.

विषयाचा आरंभ युनेस्कोच्या माध्यमशिक्षणावरील 1982च्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्यापासून धरण्याची रीत आहे. मुंबईपुरती ती अपुरी पडते. एका मतानुसार येथील मूळ चित्रपट-रसग्रहणात असून मुलांच्या चित्रपटांसाठी 1955मध्ये स्थापन झालेल्या बालचित्र समितीच्या चित्रपट-खेळांकडे त्यासाठी बोट दाखवले जाते. दुसरे मत ते ख्रिस्ती संस्थांच्या संज्ञापन (कम्युनिकेशन) केंद्रांत शोधते. त्यांपैकी झेवियर संज्ञापन संस्था (झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स) 1969ची. चित्रपट दाखवणे आणि त्याची चिकित्सा शिकवणे यांत अंतर असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शाळांतील प्रत्यक्ष वर्ग मात्र साधारणपणे 1970नंतरचेच असावेत.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा स्वतंत्र विषय नाही. दहावीच्या मराठीत बातमीलेखन व जाहिरातलेखन येते, इतिहासात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ. परिणामी मत विचारले की विद्यार्थी बहुधा गुणांच्या भाषेत बोलतो: शीर्षक, स्थळ-दिनांक, शिरोभाग (बातमीचा सुरुवातीचा भाग) जमले की गुण हमखास. बातमी खरी की खोटी, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत येतच नाही.

मते गोळा करण्यात चुका होतात त्या प्रश्नावलीत. वर्गशिक्षक समोर असले की ‘मोबाइल वाईट’ हे उत्तर ठरलेले. ‘रोज किती तास पाहता?’ याला ‘दोन तास’ असा ठोकळ आकडा मिळतो. त्याऐवजी ‘काल’चा तासवार तक्ता भरून घ्यावा. रकाने तीन: वेळ, काय पाहिले-वाचले, मोबाइल कोणाचा. एका खोलीच्या घरात तिसरा रकाना सर्वांत बोलका ठरतो. आईचा मोबाइल रात्री दहानंतरच हाती येत असेल तर आवडीनिवडीचे अर्धे उत्तर तिथेच आहे. तक्ता सोमवारी भरून घेऊ नये, रविवारचा क्रिकेटचा सामना त्यात शिरतो. ‘बातम्या शिकवाव्यात आणि त्यांची परीक्षा घ्यावी का?’ असा जोडप्रश्न टाळावा, कारण पहिल्याला होकार व दुसऱ्याला नकार असणारा मुलगा अडकतो. सहमत-असहमत अशी खूण करण्याची विधाने 12 ते 15 पुरेत. शाळेचे दुपारचे अधिवेशन सुटता सुटता कागद वाटले तर सगळ्या खुणा एकाच रकान्यात पडतात.

प्रश्नावलीपेक्षा सहा ते आठ जणांची गटचर्चा बरी, तीही काहीतरी करून झाल्यावर. एकाच घटनेच्या दोन वृत्तपत्रांतील बातम्या कापून शेजारी चिकटवाव्यात. कोणाचे म्हणणे आधी आले आणि कोणाचे गाळले, यावर वाद सुरू झाला की खरी मते बाहेर पडतात. मुली व मुलगे यांचे गट एकदा वेगळे घेऊन पाहावेत. छायाचित्रे व टिप्पण्यांविषयी मुली मिश्र गटात कमी बोलतात.

कागदावर नाव घेऊ नये, इयत्ता पुरे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास मुख्याध्यापकांच्या परवानगीबरोबर पालकांची लेखी संमतीही आधी घ्यावी.