माहीत सगळ्यांना होतं

२९ मार्च २००५ रोजी इंग्लंडमधल्या एका खासगी रुग्णालयात ३७ वर्षांच्या एका बाईंना सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली. भूल चढली आणि श्वासमार्ग खुला राहीना. नळी घशातून आत जाईना, मास्कमधून दिलेली हवा फुप्फुसांत पोचेना. काही मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत घसरला आणि बराच वेळ तिथेच राहिला. खोलीत दोन अनुभवी भूलतज्ज्ञ होते, कान-नाक-घशाचे सर्जन होते. तिघंही नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले.

अशा वेळी मानेवर छेद घेऊन श्वासनलिका थेट उघडायची असते. ट्रेकिओस्टॉमीचं हे ज्ञान डॉक्टरांना होतं. परिचारिकांनाही होतं. एक परिचारिका त्याचा संच घेऊन आली आणि ‘संच तयार आहे’ असं तिने सांगितलं. कोणी लक्ष दिलं नाही. दुसरीने अतिदक्षता विभागात फोन करून खाट राखून ठेवली. पण डॉक्टरांचे चेहरे पाहून तिला वाटलं, आपणच उगाच घाबरतोय, आणि तिने ती खाट रद्द केली. तेरा दिवसांनी त्या बाई गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली वैमानिक होते. विमान अपघातानंतर जशी चौकशी होते तशी याचीही व्हावी, असा त्यांनी आग्रह धरला. २००७ मध्ये त्यांनी रुग्णसेवेतल्या मानवी चुकांचा अभ्यास करणारा एक गट स्थापन केला. ही घटना आज जगभरातल्या भूलतज्ज्ञांना शिकवली जाते.

मला या घटनेत सर्वांत जास्त बोचतं ते हे की तिथे ज्ञान कमी पडलं नाही, साधनं कमी पडली नाहीत, माणसंही कमी पडली नाहीत. एकाकडचं ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचण्याची वाट बंद होती. आणि ही वाट बंद होण्याची सुरुवात शस्त्रक्रियेच्या खोलीत होत नाही, ती कितीतरी वर्षं आधी कॉलेजात होते. डॉक्टर एका इमारतीत शिकतो, परिचारिका दुसऱ्या, फिजिओथेरपिस्ट तिसऱ्या, औषधनिर्माता चौथ्या. चार-पाच वर्षं एकमेकांशी धड न बोललेली ही मुलं एक दिवस एकाच वॉर्डात उभी राहतात आणि आपण गृहीत धरतो की आता ती मिळून काम करतील.

यावर आरोग्य-शिक्षणात एक विचार गेली काही दशकं मूळ धरतो आहे. त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हाच त्याला हे नाव देता येतं. एका मोठ्या सभागृहात सगळ्यांना बसवून शरीररचनेचं एकच व्याख्यान दिलं, तर त्यात ‘सोबत’ येतं, पण ‘विषयी’ आणि ‘कडून’ राहून जातं.

स्वीडनमधल्या लिनशॉपिंग विद्यापीठाने १९८६ पासून आरोग्याच्या सगळ्या शाखांसाठी काही अभ्यासक्रम सामायिक ठेवला. १९९६ मध्ये ते एक पाऊल पुढे गेले. विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागात त्यांनी असा वॉर्ड सुरू केला, जिथे वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी दोन आठवडे मिळून खऱ्या रुग्णांची काळजी घेतात. शिक्षक पाठीशी असतात, पण नियोजन विद्यार्थ्यांचं. पुढे स्टॉकहोमनेही तसेच वॉर्ड सुरू केले.

पण विद्यार्थ्यांपेक्षा, नोकरीत असलेल्या माणसांच्या एकत्र शिक्षणाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रुग्णाला त्याचा नेमका काय फायदा होतो, हे तिथे मोजता येतं. त्यातलं सर्वांत चांगलं उदाहरण ब्रिस्टल शहरातल्या साउथमीड रुग्णालयाचं आहे.

बाळंतपणात कधीकधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे (जघनास्थीमागे) अडकतो. हे आधी ओळखता येईल याची खात्री नसते. हाताशी वेळ असतो तो मोजक्या मिनिटांचा. घाबरून डोकं ओढलं तर बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते आणि हात लुळा पडू शकतो. पहिला उपाय सोपा आहे. आईचे दोन्ही पाय गुडघ्यात मुडपून पोटाकडे घट्ट दाबून धरायचे, म्हणजे कमरेच्या हाडांचा कोन बदलतो आणि बहुतेक वेळा खांदा सुटतो. सोपा, पण एकट्याने करता येत नाही. दोघांनी दोन पाय धरायचे, तिसऱ्याने ओटीपोटाच्या खाली, हाडाच्या अगदी वर, योग्य बाजूने दाब द्यायचा, चौथ्याने बाळाला सांभाळायचं, कोणीतरी बालरोगतज्ज्ञाला बोलवायचं, आणि एकाने घड्याळाकडे बघत वेळ मोठ्याने सांगत राहायची. पाच-सहा जण, प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, हुद्दा वेगळा आणि हातात एवढीच मिनिटं.

साउथमीडने २००० साली ठरवलं की प्रसूतिविभागातल्या प्रत्येकाने वर्षातून एक दिवस या प्रसंगांचा एकत्र सराव करायचा. सुईणी, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, शिकाऊ डॉक्टर, कोणालाही सूट नाही. सरावाआधी खांदा अडकलेल्या बाळंतपणांपैकी जेमतेम २९ टक्क्यांत पाय पोटाकडे दाबण्याची ती साधी कृती केली जात होती. सरावानंतर ते प्रमाण ८७ टक्के झालं. खांदा अडकलेल्या बाळांपैकी जन्मताना इजा होणाऱ्यांचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. बारा वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा ते आणखी खाली गेलेलं होतं. आधी हे उपाय कोणाला माहीत नव्हते असं अजिबात नाही. पुस्तकात ते होतेच.

याच ब्रिस्टलमधल्या दुसऱ्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत फार मृत्यू झाले होते. इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ अधिक तान्ही बाळं तिथे दगावली, असं त्यात म्हटलं आहे. डॉक्टर, परिचारिका आणि इतरांनी एकमेकांच्या भिंती ओलांडून एकत्र शिकावं, ही शिफारसही त्यात आहे.

मग सगळीकडे हे यशस्वी होतं का? नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये कॉक्रेन या संशोधनाची कसून छाननी करणाऱ्या संस्थेने यावरचे निकषांत बसणारे १५ अभ्यास तपासले. सातांत स्पष्ट फायदा दिसला, चारांत संमिश्र निकाल आले, चारांत काहीच फरक नव्हता. साउथमीडच्याच धर्तीवर स्कॉटलंडमधल्या १२ प्रसूतिविभागांत प्रयोग झाला. आधी मोजके प्रशिक्षक तयार करायचे आणि त्यांनी परत जाऊन आपल्या माणसांना शिकवायचं, अशी ती योजना. नवजात बाळांच्या प्रकृतीत एकूण फरक दिसला नाही.

मला वाटतं, या अपयशामुळेच सराव कसा दिला की फरक पडतो, हे पाहावं लागतं. इंग्लंडमध्ये झटके येणाऱ्या गरोदर बाईवरच्या उपचारांचा सराव वेगवेगळ्या पद्धतींनी देऊन पाहिला गेला. काहींनी स्वतःच्या रुग्णालयात सराव केला, काहींनी महागड्या यंत्रपुतळ्यांच्या केंद्रात. काहींना ‘संघभावना’ या विषयावर वेगळे धडेही दिले. सरावाने सगळेच सुधारले. पण महागड्या केंद्राने किंवा वेगळ्या धड्यांनी त्यात भर पडली नाही. याच गटांच्या चित्रफिती पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. जे गट लवकर उपचार करत, त्यांच्यात कोणीतरी ‘हा झटका आहे’ असं सुरुवातीलाच मोठ्याने म्हणे, आणि काम सांगताना नाव घेऊन सांगे. ज्याला सांगितलं तो ‘दिलं’ म्हणून उत्तर देई.

महाराष्ट्रात या विचाराला जागा तयार आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ ची. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी कॉलेजं एकाच छत्राखाली आहेत, जे देशात सगळीकडे नसतं. कितीतरी ठिकाणी वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेज एकाच आवारात आहेत. तरी इंटर्न आणि जीएनएमची (नर्सिंगच्या पदविकेची) विद्यार्थिनी यांची पहिली खरी गाठ बहुधा रात्रपाळीत पडते आणि तेव्हा शिकायला सवड नसते. नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. पण संवादाचा तास फक्त डॉक्टर होणाऱ्या मुलांनीच बसून केला, तर संवाद नेमका कोणाशी साधायचा ते शिकायचं राहतं.

ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये महिन्यातून एकदा, तासभर, असा सराव करायला फार काही लागत नाही. पलंगावर झोपायला एखादी स्टाफ नर्स, कापडी बाहुली, लाल रंगाच्या पाण्याची बाटली, आणि बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही असा प्रसंग. त्यात मेडिकल ऑफिसर हवेत, इन्चार्ज सिस्टर हव्यात, लॅब टेक्निशियन हवा, १०८ चा ड्रायव्हर हवा. आणि मावशी हव्यातच. रक्त लागणार असेल तर नमुना घेऊन धावणारं माणूस बहुधा त्याच असतात, आणि कोणत्या खोलीची किल्ली रात्री कोणाकडे असते हे त्यांनाच ठाऊक असतं. सराव झाल्यावर दहा मिनिटं बसून बोलायचं. त्यात पहिल्यांदा मावशींना विचारायचं, मग सिस्टरना, डॉक्टरांनी सर्वांत शेवटी बोलायचं. साहेब आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात, हे आपल्याकडे कोणालाही वेगळं सांगायला नको.

अडचणी खऱ्या आहेत. परिचारिकांच्या जागा रिकाम्या असतात, एका पाळीत एकीवर दोन-दोन वॉर्ड असतात, निवासी डॉक्टरांचं पोस्टिंग सारखं बदलतं. म्हणून हा सराव ड्युटी संपल्यावर, घरी जायच्या वेळी ठेवला तर तो दोन महिन्यांत बंद पडेल. साउथमीडने तो दिवस कामाचाच दिवस धरला, दरवर्षी धरला, आणि नवीन रुजू होणाऱ्यालाही त्यात बसवलं. तेवढा वेळ ड्युटीच्या तक्त्यात लिहून द्यायचा, तर ते अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सकच करू शकतात.