झिरो माईलचा हिशेब: ड्रोनमधल्या जडत्व-सेन्सरची पार्श्वभूमी

नागपूरच्या झिरो माईलच्या स्तंभापासून डोळे मिटून व्हरायटी चौकाकडे निघायचं. पावलं मोजायची, वळणं लक्षात ठेवायची. (मनातल्या मनात, रस्त्यावर नको.) पहिल्याच वळणाला अंदाज थोडा चुकला, तर पुढचं प्रत्येक पाऊल ती चूक वाढवतं. उपग्रहाविना उडणाऱ्या ड्रोनचं दुखणं हेच आहे, आणि ते जुनं आहे. त्याची पावलं आणि वळणं मोजतो तो जडत्व-सेन्सर: वेग किती बदलला हे सांगणारा प्रवेगमापक आणि किती वळलो हे सांगणारा जायरोस्कोप.

‘जायरोस्कोप’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोनं 1852 मध्ये दिलं. शंभर वर्षांनी, 1953 मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी बाहेरच्या कुठल्याही खुणेशिवाय विमान अमेरिकेच्या पूर्व टोकाहून लॉस एंजेलिसपर्यंत नेऊन दाखवलं. ते यंत्र होतं सव्वा टनाचं! 1958 मध्ये ‘नॉटिलस’ पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली, तीही याच विद्येवर.

ड्रोनमधला सेन्सर मात्र या घराण्याचा थेट वारस नाही. तो आला मोटारीतून. 1990 च्या दशकात एअरबॅग उघडण्यासाठी सिलिकॉनवर कोरलेले प्रवेगमापक स्वस्तात बनू लागले. पुढे थरथरणाऱ्या सूक्ष्म पट्टीवर कोरिऑलिस बल (वळताना पट्टीला बाजूला ढकलणारं बल) मोजणारे जायरो आले आणि 2010 नंतर फोनमध्येही बसले. वजन टनावरून ग्रॅमवर आलं. पण धडक ओळखायला पुरेशी अचूकता रस्ता शोधायला पुरत नाही. प्रवेग मोजताना गुरुत्वाच्या एक हजारांश इतकीच कायमची चूक धरा: मिनिटाभरात जागा सुमारे 18 मीटर चुकते, दहा मिनिटांत पावणेदोन किलोमीटर. वेळ दसपट, चूक शंभरपट.

हे व्यंग जीपीएसनं झाकून ठेवलं होतं. सुमारे 20,200 किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संदेश बुजवणं किती सोपं, हे युक्रेनच्या युद्धात रोज दिसलं. तेव्हा सगळ्यांना पुन्हा जायरो आठवला. 1976 मध्ये प्रयोगात दिसलेला, तंतूतल्या प्रकाशावरून वळण मोजणारा प्रकाशतंतूचा जायरो अचूक आहे, पण लहान ड्रोनच्या खिशाला आणि पाठीला जड. म्हणून खटपट चालली आहे ती चिपच सुधारण्याची, सोबतीला कॅमेऱ्यानं जमीन ओळखण्याची.

नागपूरला हा विषय आता परका नाही. इथल्या सोलार समूहाच्या कारखान्यातलं नागास्त्र-1 हे लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन 2024 मध्ये लष्कराकडे गेलं. त्याची दोन मीटरची अचूकता सांगताना जीपीएसचंच नाव घेतलं जातं. मार्च 2025 मध्ये त्याच समूहाच्या आवारात मानवरहित विमानांसाठी 1,250 मीटरची धावपट्टी सुरू झाली. माझ्या मते इथली खरी कसोटी ऊन आहे. सिलिकॉनचा ‘शून्य’, म्हणजे काहीच हालचाल नसताना चिप दाखवते तो आकडा, तापमानासोबत सरकतो. मे महिन्यात 45 अंशांत तापलेला ड्रोन काही मिनिटांत वरच्या गार हवेत पोहोचतो, तेव्हा हा शून्य चांगलाच सरकतो. त्यामुळे चिप आधी बंद पेटीत गरम-गार करून, कुठल्या तापमानाला किती चूक याचं कोष्टक बनवून ते संगणकात भरावं लागतं. बरं, एका चिपचं कोष्टक दुसरीला चालत नाही.